पाठ टेकली की हात सोडायचा

दोंडाईच्याच्या तालमीत चुडामण पहिलवान उतरे तेव्हा आधी मारुतीला नमस्कार करी, मग मातीला, मग वस्ताद खाजाभाईंच्या पायांना. आणि तीन ठिकाणी वाकूनही नमस्कार एकाच ठिकाणी पोचला, असे त्याला वाटे. खाजाभाई जातीचे पिंजारी. दिवसा कापूस पिंजावा, पहाटे पोरे घडवावीत, हीच त्यांची नमाज आणि हीच त्यांची कमाई. देवाचे कोणते नाव घ्या, हे त्यांनी कुणाला सांगितले नाही. सांगितले ते एवढेच :

"पाठ मातीले लागनी का हात सोडी देवाना. पडेल मानूसना छातीवर बसाले आपन गिधाड शेतस का?"

पडलेल्याला उठवावे, त्याच्या पाठीची माती झाडावी, मगच आपल्या विजयाचा ढोल ऐकावा. मिसरूड फुटण्याआधी घेतलेला हा धडा चुडामणच्या हाडात उतरला होता.

सन एकतीसच्या सुमारास सुरतेहून एक ठेकेदार आला. युरोपात ग्रीको-रोमन नावाची कुस्ती चालते, तिच्यासाठी त्याला मल्ल हवे होते. नियम दोन. कंबरेखाली हात लावायचा नाही. आणि समोरच्याचे खांदे टेकले तरी पंचाची शिट्टी होईपर्यंत त्याला दाबून धरायचे.

चुडामणने विचारले, "जिंकनारना वस्तादनं नाव पुकारतस का तठे?"

"पुकारतील. मी सांगेन तसे पुकारतील."

मग त्याने दुसरे काही विचारले नाही. कापसाच्या धुळीने खाजाभाईंची छाती पोखरत चालली होती. ते आहेत तोवर साता समुद्रांपार त्यांचे नाव एकदा घुमावे, एवढीच त्या भक्ताची आस!

पण चुडामणचा सारा लौकिक होता तो वाकून पाय ओढण्यावर, पट काढण्यावर. खाजाभाईंनी युक्ती केली. जोडीदार पितांबर याच्या अंगाला कंबरेपासून टाचेपर्यंत ओला गेरू फासायचा. कुस्ती संपली की हुकूम सुटे, "तळहात दाखाड!" तळहात लाल दिसला की पुन्हा पहिल्यापासून. चुडामणची बायको मंजुळाबाई लाल झालेले लंगोट धूत धूत म्हणे, "मना बापनी मले पहिलवानले देयेल व्हती, का कुंभारले?" हळूहळू तळहात कोरे राहू लागले. पहिला नियम हातांनी मान्य केला. दुसऱ्याची कुणी चिंताच केली नाही. दाबून तर धरायचे, त्यात शिकायचे ते काय?

डॅन्यूब नदीकाठच्या एका शहरात, सर्कशीच्या तंबूत, चुडामणची मोठी कुस्ती लागली. हंगेरीचा मल्ल रेड्यासारखा होता. चुडामणने त्याची कंबर मिठीत धरली, उचलला, आणि असा फेकला की गादीतून धूळ उठली. दोन्ही खांदे टेकले. आणि चुडामणचे हात सुटले! त्याने विचार केला नाही, हातांनी केला. पडलेल्याला उठवायला त्याने हात पुढे केला, तो हात त्या मल्लाने धरला, ओढला, आणि पाहता पाहता चुडामण खाली, तो वर. शिट्टी झाली. तंबू हसला. पुकारले गेले ते भलत्याच गुरूचे नाव.

माघारी आल्यावर ठेकेदाराने एक संधी ठेवली. "हिवाळ्यात येईन. दाबून धरताना दिसलास तर नेईन."

मग आरंभ झाला तो उलट्या शिकवणुकीचा. खाजाभाई तालमीच्या मातीच्या हौदाच्या काठावर खोकत बसत आणि ओरडत, "दाब!" चुडामण दाबे, डोळे मिटून दाबे, पण खालून पितांबरचा श्वास अडखळला की बोटे सैल पडत. एकदा खाजाभाई स्वतः मातीत आडवे झाले. "बस मना छातीवर!" चुडामण त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसला. ज्या पायांवर रोज डोके ठेवले, त्याच देहावर भार टाकायचा? देवा, हा कोणता नियम!

हिवाळ्यात ठेकेदार आला. चुडामणने पितांबरला चीत केले. खाजाभाई काठीच्या आधाराने उभे राहिले, "दाब पोरा! मी सांगस, दाब!" क्षणभर चुडामणने दाबले. पितांबर त्याच तालमीचा. पडल्यावर उठवणारा हात येणार, म्हणून सवयीने त्याने आपला हात वर केला. चुडामणने तो धरला.

ठेकेदार टोपी घालून निघून गेला.

"वस्ताद, मले मारा," चुडामण म्हणाला.

"कसाले मारू रे? मीच देयेल शे ते. आते माघारी कसं लेऊ?" एवढे बोलून खाजाभाईंना खोकल्याची उबळ आली. चुडामण त्यांची छाती चोळत राहिला. गाडी सुटल्याचे दोघांनी ऐकले, आणि ऐकले नाही असे दाखवले.

उन्हाळ्यात खाजाभाई गेले. चुडामणने पुढे पुष्कळ पोरे घडवली. सेहेचाळीस साली धुळ्याच्या मैदानात त्याच्या चेल्याने मोठी कुस्ती मारली, तेव्हा पुकारणाऱ्याने गुरू म्हणून चुडामणचे नाव घेतले. चुडामण गर्दी कापत त्याच्यापाशी धावला. "मनं नको, खाजाभाईनं नाव पुकार!"

"काय म्हनतस, आबा?" त्याने कानाशी हात नेला. ढोल-ताशे कडाडत होते. चुडामणने पुन्हा सांगितले, घसा ताणून सांगितले. पुकारणाऱ्याने हसून मान डोलावली, आणि पुढच्या जोडीची नावे पुकारली.