ओढ्यापलीकडे गेलेली आग्नेस

आग्नेस प्लान्त्सरने चौतीस वर्षं आमच्या हिंटरबाख गावची पोस्टाची पिवळी बस चालवली. घाटात बसला कधी ओरखडा येऊ दिला नाही. उशीर करणाऱ्या प्रवाशाला मात्र भर रस्त्यात झापायची. मार्चमध्ये निवृत्त झाली आणि सांगत सुटली, आता मी, माझ्या शेळ्या आणि झोप. बाकी कुणाचं तोंड बघायचं नाही.

आमच्याकडे कायदाच आहे, गावसभेने निवडलं की नाही म्हणता येत नाही. त्यात गाव पावणेदोनशे माणसांचं, आणि सरपंचकी कुणालाच नको असते. म्हणून सभेला जो येत नाही, त्याच्या गळ्यात हमखास घोंगडं पडतं. मेच्या सभेच्या दिवशी आग्नेसची शेळी व्यायली, ती आली नाही, आणि आम्ही तिला सरपंच केलं. पहिला हात माझा होता. खोटं कशाला बोलू, तिच्यानंतर माझंच नाव निघणार होतं.

सकाळी ती माझ्या दारात हजर. "ओत्मार, मेल्या, आजपासून तुझं दूध बंद."

सुटायला एकच वाट होती, गाव सोडायचं. तिने ती धरली. ओढ्यापलीकडे ओबररीडमध्ये तिची बहीण राहते. ओढा चार पावलांचा, पण पलीकडचा कारभार वेगळा. बिछाना आणि शेळ्या घेऊन ती तिकडे गेली, कचेरीत नावही नोंदवलं. रोज उशिरा उठून अंगणात यायची आणि मला मुद्दाम हात करायची. अशी तिडीक यायची म्हणून सांगू!

जूनमध्ये ओबररीडची सभा झाली. आपण इथे नव्या, आपल्याला कोण विचारतंय, असं म्हणून आग्नेस घरीच बसली. तिथेही सरपंच मिळत नव्हता. झाडून सगळे हात तिच्या नावाला वर गेले, त्यात सख्ख्या बहिणीचाही.

संध्याकाळी ढकलगाडीवर बिछाना घालून बाई साकवावरून परत येताना दिसली. मला इतका आनंद झाला की मी चपला न घालताच धावलो.

"दात काढू नकोस," ती म्हणाली. "अडकायचंच असेल तर ज्यांच्या खोड्या मला पाठ आहेत त्यांच्यातच अडकेन."

आमच्याकडे खुर्ची रिकामीच होती. पुन्हा सभा बोलवायची कुणाची छाती झाली नव्हती. जुलैत बोलावली तेव्हा अख्खं गाव आलं आणि दोन मिनिटांत आग्नेस सरपंच झाली. मी टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात तिने उपसरपंच म्हणून माझं नाव पुकारलं आणि सगळे हात वर गेले.

मी खिडकीतून ओढ्याकडे पाहिलं.

"बघू नकोस," आग्नेस म्हणाली. "तिकडे तुला कोण ठेवून घेणार?"