गुडघ्याच्या वर चार बोटं

आमच्या आळीतला पंढरी हा जन्मजात धास्तावलेला माणूस. लग्नाला गेला तर अक्षता टाकायच्या आधी मांडवाचे खांब हलवून बघतो. जेवायला बसला तर माशाचा काटा अडकल्यास कोणता डॉक्टर उघडा असेल ते आधी ठरवतो, मग घास घेतो. ओट्यावर बसणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांची निम्मी करमणूक त्याच्या जिवावर चालते. पण गेल्या पावसाळ्यात त्याला एक खरीखुरी काळजी मिळाली, आणि थट्टा करता करता आम्हीही त्याच्याबरोबर कॅलेंडर बघायला लागलो.

उरणच्या अंगाला आमचं गाव खाडीकाठी आहे. पूर्वी भोवतालची भातशेती नि मिठागरं आमच्याइतकीच खाली होती. आता चहूकडे भराव टाकून रस्ते नि कंटेनरची यार्डं वर गेली, आणि गाव मधे परातीसारखं राहिलं. पावसाळ्यात अवसेला-पुनवेला उधाण आलं की खाडीचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून उलटं शिरतं आणि गावाबाहेर जाणाऱ्या एकुलत्या एका रस्त्यावर ठाण मांडतं. ऐन दुपारी येतं, दोन-तीन तासांनी जातं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही, त्या वेळात आम्ही झोपलेले असतो.

पंढरीची सून मनस्वी पोटुशी होती. पनवेलच्या डॉक्टरणीने बाळंतपणाची तारीख दिली. घरच्यांनी पेढे वाटले. पंढरीने भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि हातातला पेढा परत खोक्यात ठेवला. आषाढातली अवस. भर उधाण. त्यात ती गटारी. त्या दिवशी आमच्या गावात शुद्धीवरचा ड्रायव्हर मिळणं म्हणजे एकादशीला सुकट मिळण्यासारखं.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, पण मनस्वीच्या माहेरी, पनवेलजवळच्या नावडे गावात, आई नाही. नुसते बाप नि भाऊ. पंढरीची बायको मालतीबाई म्हणाली होती, "आईयेगली पोर हाय. तिचं मीच करीन, हितंच." सासूने व्याह्याच्या घरी जाऊन राहावं आणि सुनेचं करावं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नाही. त्यामुळे तो विषय निघालाच नाही.

राहिली मुलाची जीप. तेजस कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. त्याच्याकडे एक जुनी, चारही चाकांना जोर असलेली जीप. ती उंच करून चिखलात घालायची त्याची फार दिवसांची हौस, आणि पंढरीचं एकच उत्तर, "उलटलास म्हंजे?" तोच पंढरी आता पोराला म्हणतो, "गाडी उचलतात ती वस्तू कुठं मिलते?" तेजसला आधी वाटलं बापाला ताप आहे.

महाप्याला औद्योगिक वसाहतीत अभिराम नावाच्या तरुणाचं वर्कशॉप आहे. जीपगाड्यांना उंच करण्याचे किट तो बसवून देतो. पंढरी, तेजस, किराणावाला शिवराम आणि मी, असे चौघे गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. पण असली बातमी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची म्हणजे शिळं खाणं.

अभिरामने विचारलं, "काका, ऑफ-रोडिंगला कुठे कुठे जाता?"

"डाक्टरनीकडं," पंढरी म्हणाला.

अभिराम हसला नाही, हे त्याचं चांगलं. "पाणी किती असतं?"

"गुडघ्याच्या वर चार बोटां."

"कुणाच्या गुडघ्याच्या?"

पंढरीने आपल्या गुडघ्याकडे बघितलं. हा प्रश्न त्याला सुचला नव्हता. गेल्या पुनवेला भरतीच्या वेळी तो स्वतः धोतर वर धरून मोरीपाशी उभा राहिला होता आणि माप घेऊन आला होता. अभिरामने टेप काढला, पंढरीला बाकावर उभं केलं आणि टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं. पंढरीने त्यावर आपली चार बोटं ठेवली. शिवराम म्हणाला, "बरं झालं मला नाय उभा केला बाकावर. माझ्या गुडघ्यानी मापलं असतं तर इमान घ्यायला लागलं असतं." शिवराम सहा फुटांचा आहे.

मग अभिरामने समजावलं. दोन इंचांनी उचलायची तर स्प्रिंगच्या वर जाड चकत्या घालून भागतं. गाडी बसायला होती तशीच राहते. चार इंच उचलायची तर स्प्रिंग उंच, शॉकअॅब्सॉर्बर लांब, ब्रेकचे पाइपही बदलायचे. पाणी निभावतं, पण गाडी कडक होते, धक्के बसतात, आणि वळणावर कलते. "आणि पाण्याचं म्हणाल तर इंजिन हवा कुठून ओढतं ते बघायला हवं. तिथे पाणी गेलं की गाडी जागेवर बसणार. आरटीओतही विचारून घ्या."

पंढरी एकेका वाक्याबरोबर बारीक होत होता. खाली ठेवावी तर सून पाण्यात, वर करावी तर सुनेला हिसके. त्याला गाडी हत्तीएवढी उंच हवी होती आणि पाळण्यासारखी मऊ.

अंगणात कुणाची तरी चार इंच उचललेली जीप उभी होती. पंढरीने ती बघितली, मग शिवरामकडे बघितलं.

"शिवराम, चढ बघू."

"मी कशाला?"

"आपल्यात तुझंच प्वाट तेवढं हाय."

खोटं नव्हतं. शिवरामला गेली वीस वर्षं नववा महिना आहे. त्याने एक पाय वर टाकला, दांडा धरला आणि तिथेच लोंबकळला. पोट सीटला टेकलं, पाय जमिनीला टेकेना. वर्कशॉपमधल्या पोरांच्या हातातले पाने थांबले. तेजसने खालून रेटलं तेव्हा कुठे तो आत पडला. अभिरामने त्याला महाप्याच्या गतिरोधकांवरून फिरवून आणलं. खाली उतरल्यावर शिवराम दोन्ही हातांनी पोट धरून म्हणाला, "पंढरी, माझी तर वाटेतच झाली असती."

आम्ही हसलो. पंढरी हसला नाही. त्याचा चेहरा बघून आमचंही हसू विरलं.

चार इंच बाद झाले. दोन इंचांनी पाणी आणि गाडीतली पाय ठेवायची जागा यांच्या मधे अंतर राहत होतं ते दोन बोटांचं. ती दोन बोटं पंढरीच्या उरावर बसली. ओट्यावर येऊन हवेत बोटं धरायचा आणि विचारायचा, "येवढं पुरंल?" कुणी म्हणालं वाऱ्याने लाट उठते, धर आणखी एक बोट. कुणी म्हणालं चार माणसं बसली की गाडी तेवढी दबते. हे दुसरं मी म्हणालो होतो, गंमत म्हणून. तर तो दुपारचा जेवला नाही. गावात बायका मालतीबाईला विचारायच्या, "काय गो, सून वाढतंय का गाडी?" ती म्हणायची, "दोगींना बी डोहाले लागलेत."

शेवटी अभिरामनेच मधला मार्ग काढला. नुसत्या चकत्या नकोत. दोन इंच उंच पण नरम स्प्रिंग, त्याला जुळणारे शॉक, हवेची नळी वर छपराजवळ काढलेली, आणि चढायला रुंद पायरी. पंढरी हो म्हणाला. परत येताना वाशीच्या सिग्नलला त्याने पुन्हा विचारलं, "तीन इंचाचा नसतो का रं?"

अवसेला दोन दिवस होते. सकाळी अकरानंतर मनस्वीला कळा सुरू झाल्या. पाणी मोरीतून चढायला लागलं होतं. तेजसने जीप काढली, मालतीबाई मनस्वीला घेऊन मागे बसली. पायरीवरून मनस्वी अलगद चढली, एवढं एक बरं झालं. आम्ही सगळे ओट्यावर उभे, तिथून मोरी समोर दिसते. पंढरी गाडीत बसलाच नाही. हातात बांबू घेऊन जीपच्या पुढे पाण्यात चालायला लागला, खड्डे चाचपत.

पाणी त्याच्या पोटरीला आलं. मग गुडघ्याला. मोरीपाशी तो थांबला, खाली बघितलं आणि तिथेच खिळला. मांडी भिजत होती. चार बोटं कधीच बुडाली होती. पायरी दिसेनाशी झाली. शिवराम माझा दंड धरून होता, आणि मी देवाचं नाव घ्यायला लागलो होतो. ही माझ्या बाबतीत दुर्मिळ गोष्ट आहे.

मागच्या सीटच्या खिडकीतून मनस्वीचा आवाज आला. "बाबा, बाजूला व्हा. तुम्ही पुढे आहात म्हणून तेजसला थांबावं लागतंय. थांबलं तर बंद पडेल."

पंढरीने बांबू सोडून दिला. तो बाजूला झाला, आणि जीप त्याच्या अंगावर पाणी सारत पुढे गेली तसा तो मागच्या स्टेपनीला लटकला. पुढच्या दिव्यांपाशी पाणी फुगलं, गाडी घुमली, दबली, आणि एकसारखा आवाज करत भरावाच्या चढणीला लागली. वर पोचल्यावरही पंढरीने स्टेपनी सोडली नव्हती. तेजसने त्याची बोटं एकेक करून सोडवली म्हणे.

पनवेलला डॉक्टरणीने तपासलं आणि सांगितलं, "खोट्या कळा आहेत. घरी न्या."

"घरी?" पंढरी म्हणाला. "कुठनं?"

पुढचं मला तेजसने सांगितलं. पंढरी दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि उठेना. ओहोटीला परत जायचं, खऱ्या कळा आल्या की पुन्हा त्याच पाण्यात यायचं, आणि तेव्हा दोन बोटं जास्त असली तर. मालतीबाईने त्याच्याकडे बघितलं आणि तेजसला म्हणाली, "गाडी नावड्याला घे."

"व्याह्याच्या घरी? तू ऱ्हानार?" पंढरी म्हणाला. "लोक काय बोलतील?"

"लोक म्हंजे त्ये ओट्यावरचं म्हातारं ना? बोलू दे. त्याला दुसरं काम काय."

आणि ती राहिली. व्याही बिचारे बाहेरच्या खोलीत झोपायला लागले, स्वयंपाकघरात खाकरल्याशिवाय शिरेनात. गावात चार दिवस चर्चा झाली. मी माझा वाटा उचलला.

मनस्वी बाळंत झाली ती अष्टमीला. भांगाची, म्हणजे कमी पाण्याची भरती, खाडी अगदी गरीब, आमच्या गावचा रस्ता ठणठणीत कोरडा. तेजस ड्युटीवर होता, म्हणून ती दवाखान्यात गेली रिक्षाने. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाला आम्ही नावड्याला गेलो. पंढरी व्याह्यांच्या शेजारी पाहुण्यासारखा अंग चोरून बसला होता. नात त्याच्या मांडीवर ठेवली तर त्याने तिची मूठ हलकेच उघडली आणि एकेका बोटावर अंगठा टेकवत पुटपुटायला लागला. बायका म्हणाल्या, बघा, आजोबा नातीची बोटं मोजतायत. व्याह्यांनी मोबाइलवर फोटो काढला.

मालतीबाई पाळण्याची दोरी बांधत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"पोरीला घरी न्यायचा सव्वा महिना पुनवेच्याच अंगाला भरतंय," ती म्हणाली. "मला ठाव हाय. आपन ओहोटीला निघू."

पंढरीने मान हलवली, आणि पहिल्या बोटापासून पुन्हा मोजायला लागला.