धुळ्याच्या गच्चीवर माझी ड्युटी

चहा टाकलाय ना? मग तो येईपर्यंत सांगूनच टाकतो. कप हातात असताना सांगितलं तर तुम्ही हसाल, चहा माझ्या अंगावर सांडेल, आणि शर्ट बदलायचंही त्राण आता माझ्यात उरलेलं नाही हो!

जळगावला पिंप्राळ्यात माझं छोटंसं दुकान आहे. उडदाचे पापड, केळीचे वेफर्स, कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, पीठ. पुण्या-मुंबईकडे गेलेले आपले लोक फोनवर ऑर्डर देतात, आम्ही पार्सल करून पाठवतो. पॅकिंग मी आणि बायको. फोन घ्यायला मात्र माणूस हवा. बायको म्हणाली, दुकानात बसायला जागा नाही, घरून काम करणारी कुणी बघा.

बघितल्या. पहिली पळाली. दुसरी जाताना म्हणाली, "भाऊ, तुमचेच फोन घेण्यात माझा दिवस जातो. गिऱ्हाइकाचे कधी घेऊ?"

आता मला सांगा, माणूस डोळ्यांसमोर नसताना तो काम करतोय हे कळणार कसं? जीव नाही का खालीवर होत?

तिसरी मिळाली मनीषा. धुळ्याची सून. बोलणं इतकं गोड, की तक्रार करायला फोन केलेला माणूस दोन किलो पापड सांगून ठेवायचा! दुकानाचा नंबर तिच्याकडे वळवला आणि तिने थेट पुण्याचे नाना पटवले. नाना मूळचे शिरपूरकडचे, पुण्यात खानदेशी मालाचं दुकान चालवतात. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, त्यांना मोठा माल हवा होता. तो वेळेवर पोचला तर वर्षभराची ऑर्डर आमची. आयुष्यात पहिल्यांदा असं काहीतरी हाताशी आलं होतं.

बायकोने बजावलं, "ही तिसरी पळाली ना, तर फोन तुम्ही घ्यायचे. आणि तुम्ही फोन घ्यायला लागलात की दुकानाला कुलूप!"

म्हणून मी मनीषाला सारखे फोन करायचे नाहीत असं ठरवलं. त्याऐवजी काय केलं? घरी एक जुना फोन पडून होता, तो तिच्याकडे पाठवला आणि म्हटलं, यावर दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवायचा. मी काही बोलणार नाही. मी नाहीच असं समजायचं.

मनीषा जरा घुटमळली. "चालेल भाऊ. पण घरी सासूबाई आहेत."

"असू द्या की!"

झाली का चूक? तिथेच झाली.

पहिल्या दिवशी फोन लागला तर समोर अक्का. मनीषाच्या सासूबाई. डोक्यावर पदर, नजर थेट माझ्यावर.

"भाऊ, जेवनात का?"

मी म्हटलं, "अक्का, माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी नाहीच असं समजा."

"घरमा मानूस बठेल शे, नि तो नहीच समजानं? आसं कुठे ऱ्हास का?"

मी शरमिंदा झालो. म्हटलं, "हो, जेवलो अक्का. तुमचं झालं का?"

संपलं! एकदा उत्तर दिलं की आपण पाहुणे. आणि पाहुण्याला एकटं टाकून उठायचं ही आपल्याकडे रीतच नाही. मनीषा फोन घ्यायला आतल्या खोलीत गेली, कारण बाहेर आमचा आवाज होत होता. बाहेर मी आणि अक्का. बघायचं होतं मनीषाला, दिसायच्या दिवसभर अक्का!

दुपारी माझ्यासमोर ताकाचा पेला यायचा. "घ्या ना भाऊ, लाजू नका." थोडा वेळ वाट बघून माझ्या नावाने त्या स्वतःच प्यायच्या. शेजारीण यायची, पडद्यात डोकावून विचारायची, "हाऊ कोन शे वं?"

"मनीषाना साहेब शेतस. जळगावथीन येल शेतस."

आलेले! मी माझ्याच दुकानात बसून धुळ्याला मुक्कामी!

फोन कट करायचा म्हणाल, तर म्हातारं माणूस बोलत असताना कट कसा करणार? आणि नियम तर मीच केलेला. मोडला कोणत्या तोंडाने?

मग आला बिबड्यांचा हंगाम. ज्वारीचे बिबडे, म्हणजे एक प्रकारचे पापडच, घालायचे, गच्चीवर जुन्या साडीवर वाळत टाकायचे आणि कुणीतरी राखणीला बसायचं. उन्हात बसायला घरात दुसरं कुणी मोकळं नव्हतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुम्ही बठेलच शेतस. जरा कावळास्कडे ध्यान ठेवज्यात."

मला गच्चीवर नेलं. विटेला टेकवून ठेवलं. ऊन लागू नये म्हणून भोवती ओला रुमाल गुंडाळला, वर छत्री उघडली. फोनचा आवाज पूर्ण मोठा. आणि मी जळगावात कानाला हेडफोन लावून ओरडतोय, "हाऽड! हाऽड रे!" कावळे उडायचे हो, खोटं नाही सांगत. इतकी वर्षं धंदा केला, पण माझ्या शब्दाला असा मान कुणी दिला नव्हता.

गल्लीत बोभाटा झाला की मनीषाचे साहेब राखण फार छान करतात. दुसऱ्या घराचे बिबडे आले. तिसऱ्या घराच्या कुरडया आल्या. एका बाईने मला तिची उशी वाळत टाकलेली दाखवून ठेवली.

नानांचा माल निघायचा दिवस उजाडला. बायको एरंडोलला लग्नाला गेलेली, सगळं पॅकिंग माझ्यावर. पुण्याची गाडी संध्याकाळी दुकानासमोर येणार. खोकी मांडली, पापड काढले, एवढ्यात हेडफोनमधून अक्का.

"मी लगनमा जाई येस भाऊ. तुम्ही शेतसच."

"अक्का, आज मला जरा..."

अक्का गेल्याही. माझ्यासमोर तीन घरांचं वाळवण आणि वर आभाळभर कावळे. मी उठलो असतो तर? सगळी गल्ली मनीषाला बोलली असती. मनीषा चिडून काम सोडून गेली असती. म्हणून मी बसलो. आणि जिन्यातून बकरी आली.

बकरीला हाड म्हणून काही होत नाही. मी ओरडलो, टेबल बडवलं, शिट्ट्या मारल्या. ती शांतपणे एकेक बिबडा चावत माझ्यापर्यंत आली, रुमाल खाल्ला आणि कॅमेरा चाटला. पुढे मला बराच वेळ फक्त जीभ दिसत होती.

एका कानावरचा हेडफोन सरकवून मनीषाला दुसऱ्या फोनवरून फोन लावला. बिझी. पुन्हा लावला. बिझी! म्हटलं, बघा! माझी ही अवस्था आणि बाई कुणाशी तरी गप्पा हाणतायत!

शेवटी तिचाच फोन आला.

"भाऊ, कुठे आहात? गाडीवाला तुमच्या दारात हॉर्न वाजवून वाजवून निघून गेला. त्याने दुकानाच्या नंबरवर फोन केला, तो माझ्याकडे आला. तिकडून नाना विचारतायत माल निघाला का. मघापासून त्यांनाच समजावतेय. थांबा, जोडून देते."

खोकी रिकामी, पापड तसेच, गाडी गेलेली. वर्षभराची ऑर्डर डोळ्यांदेखत चाललेली. मी घसा खाकरला.

"नमस्कार नाना. ते काय झालं, आमच्याकडे सकाळपासून लाइट..."

तेवढ्यात व्हिडिओ कॉलवर अक्का परतल्या. हेडफोनची वायर नेमकी माझ्याच हाताने निसटली आणि सगळं दुकान दणाणलं, "ओ भाऊ! बकरी बठ्ठा बिबडा खाई गयी! तुम्ही काय करी ऱ्हायनात?"

मी वायर परत खुपसली, पण उशीर झाला होता.

"कोन बोलस हाई?" नानांनी विचारलं.

मनीषाने सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही, अगदी उशीसकट! नाना असे हसले, असे हसले, की त्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारायला लागलं.

"उद्याच्या गाडीने पाठवा," ते शेवटी म्हणाले. "आखाजीआधी पोचला पाहिजे. वर्षभराचंही बघू. पण एक अट आहे. तुमच्या दुकानात कुणीतरी काम करतंय की नाही, याच्यावर कुणाची तरी नजर पाहिजे. मनीषाताई, ते काम तुमच्याकडे!"

मी हो म्हटलं.

माल पोचला, नाना खूश, मनीषा टिकली. बायको तर म्हणते, एवढी चांगली व्यवस्था आपल्याला आधीच कशी सुचली नाही! आता माझा फोन पॅकिंगच्या टेबलासमोर उभा असतो, दिवसभर चालू. धुळ्याला मनीषा फोन घेता घेता माझ्याकडे बघते. ती कामात असली की तिच्या जागी बदली माणूस बसतो.

परवा दुपारी खोक्यावर जरासं डोकं टेकलं होतं. खरंच जरासं. तर धुळ्याहून आवाज आला, "मनीषा वं! तुना साहेब झोपी गयात, उठाड त्यास्ले!"