काचेवर वाळणाऱ्या नोटा

अकोल्याच्या आमच्या काकूकडे गव्हाच्या पिठाची खळ कायम शिजवलेली असे. फाटके पतंग, पोथीची पाने, सुटलेली खोकी, सगळे ती चिकटवी. गल्लीत तिचे नाव खळवाली काकूच पडले होते. दुकानदाराने नाकारलेल्या फाटक्या नोटाही शेजारणी तिच्याकडेच आणत.

जोडलेली नोट ती खिडकीच्या काचेला लावून वाळवी. दुपारचे ऊन त्या कागदातून झिरपून जांभळट होई, तिच्या हातांवर पडे, आणि काकू भिंतीला टेकून पेंगू लागे. "कागद फाटते रे बापा, किंमत नाही फाटत," हे ती डोळे मिटूनच म्हणे. अजून दुपारी डोळा लागला की मला तो उजेड दिसतो.

आईवडिलांमागे मला काकूनेच शिकवले. मी अमरावतीला कॉलेजात होतो. शेवटच्या परीक्षेच्या फीसाठी तिने दिलेल्या पैशांत एक जोडलेली दहाची नोट होती. कारकुनाने ती उजेडात धरली. "अहो, दोन तुकड्यांवर दोन वेगळे नंबर आहेत. ही चालणार नाही." फी भरायला एकच दिवस उरला होता. त्या संध्याकाळी अकोल्याला निघालेल्या मित्राबरोबर मी निरोप धाडला.

काकूला लगेच उमगले. ती नोट जोडली त्या दिवशी तिच्यापुढे दहाच्या दोन फाटक्या नोटा होत्या, आणि पेंगेत तुकड्यांची अदलाबदल झाली होती. दुसरी नोट दूधवालीला गेली होती. तीही कुठे खपली नव्हती. ती भरवशावर मागून घेऊन काकू सकाळच्या गाडीने निघाली.

फीच्या खिडकीपाशी तिने वाटीभर पाणी मागितले. दोन्ही नोटा भिजवून सोडवल्या आणि पानात बांधून आणलेल्या खळीने नीट जुळवल्या. मागची मुले कुरकुरू लागली.

"बाई, वाळेपर्यंत खिडकी बंद होईल," कारकून म्हणाला.

"तुमी नंबर तर पाहा जी. वाळन ते मंग."

त्याने पाहिले, हसला आणि ओल्या नोटेवरच पावती फाडली.

बडनेरा स्टेशनावर मी तिला गाडीत बसवले. दूधवालीची नोट तळहातावर पसरून तिने हात खिडकीबाहेर उन्हात धरला होता. गाडी हलली तरी पेंगुळल्या डोळ्यांनी ती हसत होती. ते तिचे शेवटचे दर्शन. निकाल लागण्याआधीच ती गेली.

तिच्या दिवसकार्याला अकोल्याला गेलो तेव्हा दूधवाली दारात येऊन बसली. म्हणाली, "त्या दिवशी गाडीवरून नोट द्याले आधी माह्या घरी आली बापा, मंग आपल्या."