शुक्रावर निघण्याआधीची मोजणी

७ मार्च, शुक्रवार. आकाश निरभ्र. स्वयंपाकघरातला दिवा बदलला. चार वाजता धाकट्या जावेच्या ऑफिसात कार्यक्रम.

दुपारी वहीत एवढेच लिहिले होते. पुढचे पानात मावले नाही, म्हणून हे वेगळे लिहिते.

माझी धाकटी जाऊ माझ्याजवळच राहते. सव्वीस वर्षे ती एका सहल कंपनीत टूर लीडर आहे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून लोक तिला शिट्टीबाई म्हणतात. आजवर तिने एकही माणूस हरवलेला नाही. पण गुडघे कुरकुरू लागल्यापासून तिला खुर्चीत बसवायचे मालकांच्या मनात घाटत होते. सोमवारी निघणारी डोंगरातली सहल त्यांनी आपल्या भाच्याकडे सोपवली. हिला काम दिले ते त्याच अठरा प्रवाशांची करमणूक करण्याचे: शुक्र ग्रहावर सहल निघाली असे समजून सूचना द्यायच्या.

"वहिनी, हातात खुळखुळा देऊन गप्प बसवतायत मला," चहा गाळताना ती म्हणाली. "पण डोंगरावर मीच जाणार. बघाच तुम्ही!"

मग तीन दिवस ती वाचनालयातल्या पुस्तकांत डोके खुपसून बसली.

मी सभागृहात मागच्या रांगेत होते. भिंतीवर मालकांनी फलक लावला होता, 'शुक्र: एका दिवसाची सहल!' जावेने तो वाचला आणि चष्मा पुसला.

"तिथे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत आपले एकशे सतरा दिवस जातात," ती म्हणाली. "मालकांनी डबा मात्र एकाच दिवसाचा धरलाय."

हशा पिकला. ती हसली नाही. खरोखरच्या सहलीला देते तशा सूचना देत गेली. "जमिनीवर शिसं वितळतं, तेव्हा खाली उतरून फोटो काढायचे नाहीत. मुक्काम पंचावन्न किलोमीटर उंचीवर, फुग्याखाली टांगलेल्या खोल्यांत. तिथली उष्णता सोसवते. ढग तेजाबाचे आहेत, खिडकीबाहेर टॉवेल वाळत घालू नका. आणि सूर्य पश्चिमेला उगवतो. सकाळच्या उन्हासाठी पूर्वेची खोली मागून माझ्याशी भांडू नका."

"बाई, तुमच्या गुडघ्यांना विचारलंत का?" मालकांनी टोमणा मारलाच.

"विचारलं. तिथे मी दहा टक्के हलकी होते. ते तर कधीचे तयार आहेत!"

टाळ्या पडल्या. मालकांनी आभार मानले आणि लोक उठू लागले, तशी ती म्हणाली, "थांबा. फुग्यात चढण्याआधी मोजणी. आपापल्या डावीकडचा माणूस बघा."

"बाई, पुरे ना आता. गंमत होती ती," भाचा म्हणाला.

"गंमत असो नाहीतर काही. अठरा नेले की अठरा आणायचे."

तेवढ्यात एक औषधविक्रेत्या बाई म्हणाल्या, "माझ्या डावीकडचे आजोबा कुठायत? मघाशी उठले होते."

जाऊ तडक बाहेर गेली, आम्ही तिच्या मागे. व्हरांड्यात तिने शिट्टी फुंकली. टोकाच्या शौचालयातून दारावर थापा ऐकू आल्या. कडी अडकली होती. शिपायाने स्क्रूड्रायव्हरने ती काढली. आजोबा घामाघूम होऊन बाहेर आले.

"अर्धा तास हाका मारतोय! तुमच्या टाळ्यांपुढे ऐकणार कोण? आज मी शुक्रावरच राहिलो असतो." मग ते मालकांकडे वळले. "सोमवारी आमच्याबरोबर कोण येणार आहे?"

मालकांनी भाच्याकडे पाहिले. भाचा कडीकडे पाहत होता.

"ह्या येणार नसतील तर माझं नाव काढा," आजोबा म्हणाले.

"माझंही," औषधविक्रेत्या बाई म्हणाल्या. मागून आणखी चार-पाच आवाज आले.

मालकांनी घसा खाकरला. "बाई, सोमवारी पहाटे पाचला गाडी आहे. जमेल ना?"

"पावणेपाचला या," ती म्हणाली. "मोजणीला वेळ लागतो."

घरी येताना पश्चिमेला शुक्र ठसठशीत दिसत होता. तिने मान वर केली नाही. गुडघ्याचा पट्टा कुठे ठेवला ते आठवत होती.

संध्याकाळी लिहिले: पट्टा कपाटात मिळाला. दूधवाल्याला सांगितले, सोमवारपासून बारा दिवस अर्धाच लिटर.