चक्राला चिकटलेले मासे

ज्या वर्षी जायकवाडी धरणाचा तळ दिसला, त्या वर्षी मी मासेमारीचा छंद लावून घेतला.

माझा स्वभावच तसा. मला स्वस्थ बसवत नाही. मुकुंदवाडीत आमच्या घरामागं ज्वारीचं रान होतं, तिथं बघता बघता तीनमजली घरं उठली. माणसं वाढली, पाइपलाइन तेवढीच राहिली, आणि नळाला आठव्या दिवशी पाणी यायला लागलं. अशा वेळी शहाणा माणूस ड्रम विकत आणतो. मी पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं आणि गळाला लावायचे खोटे मासे कोरत बसलो. (धरण कधीतरी भरेलच की! तोवर तयारी नको?)

कोरणं जमलं, रंगवणंही जमलं. घोडं अडलं ते वरच्या पारदर्शक थरापाशी. तो काचेसारखा बसला पाहिजे, नाहीतर रंग पाण्यात उतरतो. आधी सुनंदाचं, म्हणजे बायकोचं, बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं. मार्करनं काढलेले खवले त्यात विरघळले आणि मासा दौतीत पडून आल्यासारखा दिसायला लागला. मग फर्निचरचं वॉर्निश लावलं. त्यानं चंदेरी माशाला दोन दिवसांत कावीळ झाली. मग गॅरेजवाल्याकडून गाडीचं लॅकर आणलं. ते वाळेपर्यंत फक्त धीर धरायचा होता, आणि नेमका तोच माझ्याकडं नव्हता. त्या माशाच्या पोटावर माझ्या अंगठ्याचा ठसा अजून आहे.

शेवटी छावणीतल्या रंगाच्या दुकानदारानं इपॉक्सीचा लेप दिला. दोन बाटल्या. दोन्हींतलं सारखं घ्यायचं, कालवायचं, माशाला लावायचं. देताना म्हणाला, "साब, शहर में पानीच नै, तो मछली काँ से आइंगी?" मी म्हणालो, "पण हे वॉटरप्रूफ आहे ना?" त्यानं घाईघाईनं पैसे मोजून घेतले.

इपॉक्सीची अट एकच होती. लावल्यावर मासा पाच-सहा तास सावकाश फिरत राहिला पाहिजे. थांबला की लेप ओघळून खाली जमतो. आता घरात सावकाश फिरणारं काय असतं? पंखा सावकाश नाही. मी सावकाश नाही. मी घरभर येरझाऱ्या घालत होतो, तेवढ्यात सुनंदानं दुसऱ्या दिवशीच्या गणपतीसाठी माळ्यावरून उतरवून, पुसून ठेवलेलं चक्र दिसलं.

हे चक्र म्हणजे गणपतीच्या डोक्यामागं फिरणारी सोनेरी तबकडी आणि तिची छोटी मोटर. पण आमचं चक्र साधं नव्हतं. लग्नानंतरच्या आमच्या पहिल्या गणपतीला सासऱ्यांनी, म्हणजे सुनंदाच्या दादांनी, घरची एक मेंढी विकून ते गुलमंडीच्या बाजारातून आणलं होतं. जन्मभर मेंढरांमागं चाललेला माणूस. नजर लागू नये म्हणून त्यांनी चक्राच्या पाठीला काळ्या लोकरीचा दोरा बांधला होता. दरवर्षी कन्नडहून एसटीनं यायचे, चक्रासमोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "ह्ये फिरतंय तवर माझी लेक सुखात हाय, असं मी समजतो." बाकी आमच्या संसाराबद्दल त्यांनी कधी चकार शब्द विचारला नाही.

आणि ते त्याच संध्याकाळी येणार होते.

सुनंदा सकाळी पूजेचं सामान आणायला निघाली. जाताना एकच सांगून गेली, की नळ उद्या आहे, पण चुकून आज आला तर ड्रम भरा, बाकी कशाला हात लावू नका. यातलं 'हात लावू नका' मी ऐकलं नाही, असं नाही. ऐकलं, आणि ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत थांबलो. मग दोन मासे तारेनं चक्राच्या कडेला आडवे बांधले. घाईत दोन्ही एकाच बाजूला. लेप चढवला, बटण दाबलं. काय सुंदर फिरत होते! एक बुडबुडा नाही, एक ओघळ नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी खुर्चीत शांत बसलो.

बसलो तेवढ्यात शेजारच्या काकूंनी हाक दिली की नळ आला.

आमच्याकडं नळ आला की वीज जायची. लोक नळाला मोटर लावून पाणी ओढत, म्हणून वीजवाले त्या वेळी वीज बंदच ठेवायचे. मी अंगणात पाइप धरून उभा, आणि आत चक्र थांबलेलं! आता आठ दिवसांचं पाणी सांभाळू की तीन महिन्यांचे मासे? मी पाइप ड्रममध्ये खुपसला आणि आत पळालो. चक्राला बोटानं दोन फेरे दिले. बाहेर ड्रम वाहायला लागला. बाहेर पळालो, पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला, पुन्हा आत. ओल्या पायानं फरशीवर दोनदा घसरलो. काकू भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, घरात कोणी आजारी आहे का?

पाऊण तासानं नळ गेला. ड्रम अर्धे भरले होते, उरलेलं पाणी अंगणात होतं. आत लेप माशांवरून ओघळून तबकडीवर उतरला होता आणि थोडा मोटरच्या दांड्यात आणि पाठीच्या लोकरीच्या दोऱ्यातही गेला होता. दुपारपर्यंत सगळं दगडासारखं घट्ट झालं. चाकूनं खरवडलं तर सोनेरी कागद सुटायला लागला. मासे मात्र हलेनात. तीन महिने ज्याच्या शोधात होतो, तो पक्का थर अखेर सापडला होता.

सुनंदा आली. तिनं आधी ड्रम पाहिले, मग अंगण, मग चक्र. वीज आली होती. चक्र फिरत होतं, पण चढणीला मासे वर न्यायची वेळ आली की कण्हत थांबायचं, आणि एकदा माथा ओलांडला की धाडकन खाली यायचं. मी घाबरत सुचवलं की गुलमंडीवरून तसंच नवीन आणतो.

"आणि तो लोकरीचा दोरा कुठून आणाल?" ती म्हणाली. पुढं रागावली असती तर बरं झालं असतं, पण तिचे डोळे भरून आले. "दादांना तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

माझी पाचावर धारण बसली. खोटं सांगायच्या सहा तऱ्हा मी पाठ केल्या. संध्याकाळी सासरे आले, हातपाय धुतले (अर्ध्या तांब्यात, त्यांना दुष्काळ शिकवावा लागत नाही) आणि नेहमीसारखे चक्रासमोर बसले. मी घाईघाईनं बटण दाबलं. चक्र चढणीला अडलं. मी हळूच बोट लावलं. ते माथ्यावरून धाडकन आलं. पुन्हा अडलं, पुन्हा बोट. सहाच्या सहा थापा मी विसरलो.

"मामा, माझ्या हातून झालं," मी म्हणालो, आणि सगळं सांगून टाकलं. नेलपॉलिशपासून.

मग पुढं सरकून त्यांनी माशांवर अंगठा फिरवला.

"गुळगुळीत केलंय लई," ते म्हणाले. "पाण्यात टिकंल व्हय?"

"टिकेल."

"पाणी आल्यावर बघू." मग त्यांनी लेकीकडं पाहिलं. माझी ती कबुली ऐकून ती पदर तोंडाला लावून हसू दाबत होती. ते पाहून म्हातारा निवांत झाला. "थांबत थांबत का व्हईना, फिरतंय नव्हं? मग ऱ्हाऊ द्या. फकस्त एक करा, जावईबापू. वझं तुमचं हाय, तर बोट बी तुमीच लावायचं. तिला लावू द्यायचं नाय."

त्या वर्षी दहाही दिवस, दोन्ही वेळच्या आरतीला मी मखरामागं उकिडवा बसलो. पुढं धरण भरलं, मी गळ टाकूनही आलो, एक मासा लागला नाही. चक्र मात्र अजून तेच आहे आणि शब्दही सासऱ्यांचाच चालतो. आमच्या घरच्या गणपतीच्या इतक्या वर्षांच्या फोटोंत सुनंदा आहे, सासरे आहेत, काकूसुद्धा आहेत. माझं फक्त बोट दिसतं.