तीन दिवसांचं हजेरीपत्रक

शाळेचं हजेरीपत्रक चौथीतल्या पोराच्या हातात देऊन मी तीन दिवस प्रशिक्षणाला निघून गेलो. ही २०१६ची गोष्ट.

शाळा तलासरी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका पाड्यावर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन. दुसऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर. शाळा बंद ठेवायची नाही आणि प्रशिक्षण चुकवायचं नाही, हे दोन्ही हुकूम एकाच साहेबांचे. मी डहाणूचा, स्वतःला भलताच हुशार समजणारा. मॉनिटरचा खांदा थोपटून म्हणालो, "आता तूच गुरुजी." असं बोललं की पोरं जबाबदार होतात, हे मागच्या प्रशिक्षणात शिकलो होतो.

आमच्याकडे खिचडी शिजवणाऱ्या मावशी हजेरीचा आकडा विचारून तेवढाच तांदूळ काढत, टोप पडवीत उतरवून शेतावर जात. वाढताना मी उभा असायचो. आकडा ज्याच्या हातात, टोप त्याच्या हातात, हे माझ्या लक्षात कधी आलं नाही. मॉनिटरच्या मात्र ते पहिल्याच दुपारी लक्षात आलं.

"तू गैरहजर," त्याने समोर बसलेल्या पोराला सांगितलं.

"मी हाय ना इथं!"

"वहीत नाय."

दुसऱ्या दिवशी असे गैरहजर पाच झाले. हजर व्हायला कुणी बोरं आणली, कुणी त्याचे पाय चेपले. टोपाशी माझी लाकडी पट्टी घेऊन दोन पहारेकरी बसले. पहिलीतल्या सगळ्यांत लहान मुलीला त्याने हापशीवरून कळशी आणायला लावली. ती वाटेत सांडली. त्या दिवशी ती उपाशी घरी गेली, ती परत आलीच नाही.

चौथ्या दिवशी मी आलो तर वर्ग चिडीचूप. हात बांधून, ताठ. मी मॉनिटरला चक्क "शाब्बास!" म्हणालो. पोरांनी टाळ्यासुद्धा त्याच्याकडे बघून, त्याने मान हलवल्यावर वाजवल्या. तरी माझ्या डोक्यात प्रकाश नाही. शेवटी मावशीच म्हणाल्या, "गुरुजी, तांदूळ लई कमी लागला. पोरं गेली कुठं?"

मग एकेक बाहेर आलं. मी मॉनिटरला काढलं आणि अक्कल पाजळून चिठ्ठ्या टाकून निवडणूक घेतली. जिंकला त्या पाच गैरहजरांतलाच एक. मला वाटलं, उपाशी राहिलेला पोरगा, याला तरी कळेल. दुपारपर्यंत त्याने जुन्या मॉनिटरला उन्हात उभं केलं होतं आणि पट्टी आता या नव्याच्या काखेत होती. मी ओरडलो, पट्टी हिसकावली, हजेरीपत्रक कपाटात घालून कुलूप लावलं. पोरं पुन्हा हात बांधून ताठ बसली. आता माझ्याकडे बघून.

ती लहान मुलगी दुसऱ्या दिवशीही आली नाही, तेव्हा शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेलो. आई अंगणात गवताचे भारे बांधत होती. पोरगी मला बघून भाऱ्यामागे लपली.

"पाठवा तिला," मी म्हणालो. "आता हजेरी मीच घेतो."

"उद्या तुम्हीच घेणार?"

उद्या तलासरीला मिटिंग होती. "दुपारपर्यंत येतोच मी..."

तिने दोर आवळून गाठ मारली.

"उपाशीच ठेवायची तर माझी मी ठेवीन, गुरुजी. त्याला तुम्ही कशाला पाहिजेत?"